यूकेत एअरसॉफ्ट स्कर्मिश: पहिली गन कोणती, कधी आणि ती वापरायची कशी

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा की नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आलायस, ऑफिसातल्या पोरांबरोबर एकदा भाड्याच्या गनने एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारणाऱ्या नकली बंदुकांची लुटूपुटूची लढाई) खेळून आलास आणि आता डोक्यात किडा वळवळतोय. तीनशे पाउंड बाजूला काढलेत, स्नायपर घ्यावी की एम-फोर रायफल, जास्तीत जास्त एफपीएसवाली (म्हणजे गोळीचा वेग, फूट प्रतिसेकंद) कुठली, चष्मा आहे त्याचं काय करायचं, आणि पुढेमागे भारतात परत गेलास तर गन बरोबर नेता येईल का. मी इथे बरीच वर्षं खेळतोय, रविवारी साइटवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर, मार्शल (पंच) म्हणून उभा असतो आणि लोकांच्या बिघडलेल्या गिअरबॉक्सेस उघडत बसतो, त्यामुळे सगळ्याची उत्तरं देतो पण माझ्या क्रमाने. तू विचारलंयस त्या क्रमाने पैसे खर्च केलेस तर निम्मे पाण्यात जातील.

आधी कायदा, कारण त्यावरच बाकीचं ठरतं. आज तू दुकानात गेलास तरी तुला खऱ्यासारखी दिसणारी काळी गन कोणी विकणार नाही. २००६ चा व्हायलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट आहे, त्यातला हा भाग ऑक्टोबर २००७ पासून लागू झाला, आणि त्याप्रमाणे हुबेहूब दिसणारी नकली बंदूक बनवणं, विकणं, बाहेरून मागवणं हा गुन्हा आहे. स्कर्मिश, म्हणजे अशी लुटूपुटूची लढाई, खेळणाऱ्यांना त्यातून सूट मिळते पण तू खरंच खेळतोस हे दुकानदाराला दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी लोक युकारा वापरतात, म्हणजे एअरसॉफ्ट विक्रेत्यांच्या संघटनेचं रजिस्टर. एखाद्या नोंदणीकृत साइटवर कमीत कमी तीन गेम खेळायचे, ते किमान ५६ दिवसांत पसरलेले हवेत, मग साइट तुझा फॉर्म पुढे पाठवते आणि तुला नंबर मिळतो. वय अठराच्या वर हवं, ते तुझं आहेच. तो नंबर वर्षभर चालतो, मग रिन्यू करायचा. (हे इंग्लंड-वेल्स-स्कॉटलंडचं झालं, नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.)

नंबर नसेल तर टू-टोन मिळते, म्हणजे ५१ टक्क्यांच्या वर भडक निळी, हिरवी, नारिंगी वगैरे रंगवलेली. ती कायदेशीर आहे, खेळायलाही चालते, आणि दोन महिने दम धरवत नाही म्हणून खूप जण तीच घेतात. मग घरी बसून काळा स्प्रे मारतात. हे अजिबात करू नकोस. नंबर नसताना टू-टोन रंगवून खऱ्यासारखी करणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तू नकली बंदूक तयार केलीस, आणि व्हिसावर आलेल्या माणसाने असल्या भानगडीत कशाला पडायचं.

म्हणजे तसाही तुला दोन महिने थांबायचंच आहे, मग ते तीन गेम भाड्याच्या गनने खेळ. साधारण पन्नास-साठ पाउंडात गन, मास्क, गोळ्या, दिवसभराची एंट्री सगळं येतं. आणि दरवेळी वेगळ्या प्रकारच्या साइटवर जा, एकदा जंगलात, एकदा इमारतीत, ज्याला इथे सीक्यूबी म्हणतात. लोकांच्या गन हातात घेऊन बघ, कोणी नाही म्हणत नाही, उलट एअरसॉफ्टवाल्याला त्याच्या गनबद्दल विचारलंस की तो लंच ब्रेक संपेपर्यंत सोडत नाही. या दोन महिन्यांत तुला कळेल की तू धावणारा आहेस की झुडपात पडून राहणारा. हे घरी यूट्यूब बघून कळत नाही.

आता पैसे. तीनशेतले पहिले साठ-सत्तर डोळ्यांवर. तुला चष्मा आहे म्हणजे हा विषय तुझ्यासाठी दुप्पट महत्त्वाचा, आणि साधा पॉवरचा चष्मा म्हणजे संरक्षण नाही हे आधी डोक्यात पक्कं कर, काच फुटली तर तुकडे डोळ्यात जातील. गॉगलवर ईएन १६६ हे युरोपियन स्टँडर्ड लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एक अक्षर. एफ असेल तर ६ मिलिमीटरची स्टीलची गोळी ४५ मीटर प्रतिसेकंद वेगाने मारून ते तपासलंय, बी असेल तर १२० ने. आता गणित कर. ती स्टीलची गोळी ०.८६ ग्रॅमची असते, म्हणजे एफवाल्याची परीक्षा ०.८७ ज्यूल ऊर्जेची झाली आणि बीवाल्याची जवळपास ६.२ ज्यूलची. साइटवरच्या साध्या रायफलची गोळी १.१४ ज्यूलपर्यंत असते. काही साइट एफ चालवून घेतात, मी तरी बीच्या खाली घालत नाही आणि कोणाला घालू देत नाही.

चष्म्यावरून बसणारा, चारी बाजूंनी सील होणारा गॉगल घे. इथल्या दमट हवेत धावलास की दोन मिनिटांत त्यावर धुकं जमतं, हीच खरी डोकेदुखी आहे. डबल लेन्सचा घे किंवा छोटा पंखा असलेला घे, किंवा त्या दिवसापुरत्या कॉन्टॅक्ट लेन्स लाव, माझ्या ओळखीतले बहुतेक चष्मेवाले शेवटी तिथेच पोचलेत. जाळीच्या गॉगलवर धुकं जमत नाही म्हणून दुकानदार ते गळ्यात मारतील, पण गोळी जवळून जाळीवर फुटली तर तिचा बारीक भुगा आत येऊ शकतो, म्हणून मी डोळ्यांना जाळी सांगत नाही. तोंडाला मात्र जाळीचा खालचा मास्क घे, नक्की घे. ओठ फुटला तर आठवड्यात बरा होतो, पुढचा दात तुटला तर इथे डेंटिस्टचं बिल बघून गनची किंमत विसरशील.

आणि गॉगल गेम झोनमध्ये काढायचा नाही म्हणजे नाही. धुकं जमलं, काही दिसेना, तरी नाही. हात वर करून चालत सेफ झोनमध्ये ये, तिथे पूस. निसटून पडलाच तर जमिनीवर पालथा हो, दोन्ही हातांनी चेहरा झाक आणि जोरात सीझफायर ओरड. गेम थांबतो, कोणी हसत नाही.

त्यानंतर बूट, घोट्यापर्यंतचे, चिखलात पकड घेणारे. नोव्हेंबरात इथल्या जंगलात स्पोर्ट्स शूज घालून येणारा दरवेळी एक तरी असतो आणि दुपारी तो कारमध्ये हीटर लावून बसलेला असतो. कॅमोफ्लाजचा सूट नको, जुनी गडद कार्गो पँट आणि जॅकेट पुरे.

आता गनवर येऊ. तू विचारलंस जास्तीत जास्त एफपीएसवाली कुठली. मुळात ताकद इथे विकत घेताच येत नाही. कायद्याने, म्हणजे २०१७ साली फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये घातलेल्या ५७ए कलमाने, ऑटोमॅटिक फायर करणाऱ्या एअरसॉफ्ट गनला १.३ ज्यूल आणि एकेक गोळी मारणाऱ्या गनला २.५ ज्यूल अशी मर्यादा आहे, त्यावर गेली की ती एअरसॉफ्ट गन राहतच नाही. साइट त्याच्याही खाली ठेवतात, बहुतेक ठिकाणी ०.२० ग्रॅमच्या गोळीने ३५० एफपीएस, आणि सकाळी प्रत्येकाची गन क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, तपासली जाते. म्हणजे दीडशे पाउंडवाला आणि सहाशे पाउंडवाला एकाच रेषेवर उभे. मग सहाशेवाल्याची गोळी लांब आणि सरळ का जाते? कारण त्याची प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने निघते आणि सारखीच फिरते. पैसे या सातत्याचे असतात, आणि त्यातलं निम्मं सातत्य दहा-वीस पाउंडात मिळवता येतं, ते खाली सांगतो.

पहिली गन इलेक्ट्रिक घे, ज्याला एईजी म्हणतात. मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टन मागे ओढतो, स्प्रिंग सुटते, हवा गोळीला ढकलते, एवढंच. टोकियो मारुईने १९९१ मध्ये फामासची पहिली एईजी काढली आणि आजही आतली कल्पना तीच आहे, म्हणून पार्ट मिळतात आणि दुरुस्त करणारे मिळतात. एम-फोर घे असं सगळे सांगतात, मीही तेच सांगेन, कारण अगदी रटाळ आहे: तिचं मॅगझिन शेजारच्याकडून मागता येतं. व्हर्जन टूचा गिअरबॉक्स असतो, त्याचे पार्ट कुठेही मिळतात. तैवानच्या जी अँड जीची कॉम्बॅट मशीन सिरीज किंवा स्पेक्ना आर्म्सची कोअर सिरीज, दोन्ही साधारण दीडशे-दोनशेच्या घरात बसतात, बॉडी प्लास्टिकची म्हणजे नायलॉन मिश्रणाची असते, ती घे, धातूची घेऊ नकोस. दुकानात मेटलची गन हातात भारदस्त लागते, दुपारी तीन वाजता तीच गन खांद्यावरून फेकून द्यावीशी वाटते. एके आवडत असेल तर सायमा कंपनीची घे, पैशाच्या मानाने दणकट असते, फक्त मॅगझिन तुझी तूच बाळग.

स्नायपरचं खूळ काढून टाक. सगळ्यांना पहिल्या महिन्यात स्नायपर व्हायचं असतं. बोल्ट अ‍ॅक्शनला, म्हणजे प्रत्येक गोळीआधी हाताने बोल्ट ओढायच्या स्नायपरला, साइट ५०० एफपीएसपर्यंत देतात, म्हणजे २.३ ज्यूल, पण त्याबरोबर ३० मीटरच्या आत कोणावर मारायची नाही ही अट येते, म्हणजे जवळच्यासाठी पिस्तूल वेगळं घ्यायचं. बरं, नीट हॉप-अप (गोळीला फिरकी देणारं रबर, खाली सांगतो) लावलेली साधी एईजी पन्नास-साठ मीटर मारते आणि चांगली स्नायपर सत्तर-ऐंशी, या वीस मीटरसाठी तू ऑटोमॅटिक सोडतोयस. आणि डब्यातून काढलेली स्वस्त स्नायपर तेवढंही मारत नाही, तिच्या आतले पार्ट बदलत बदलत लोक गनच्या दुप्पट पैसे घालतात. वर्षभराने घे, खुशाल घे.

गॅसच्या पिस्तुलाचा मोह होईल, स्लाइड मागे येते, हातात झटका बसतो, मजा आहे. पण ग्रीन गॅस म्हणजे प्रोपेनच, थोडं सिलिकॉन ऑइल घातलेला, आणि थंडीत त्याचा दाब पडतो. जानेवारीत पाच डिग्रीला भरभर पाच-सहा गोळ्या मारल्यास की मॅगझिन गार पडतं आणि स्लाइड अर्ध्यावर येऊन बसते. इमारतीतले गेम खेळणार असशील तर दुसऱ्या टप्प्यात बघ.

बॅटरीबद्दल ऐक. ७.४ व्होल्टची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, घे, ११.१ नको, डब्यातून काढलेल्या गनचा ट्रिगर त्याने जळतो, आत मॉसफेट (ट्रिगर वाचवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर गोष्ट वेगळी. चार्जर बॅलन्सवालाच. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टला फुल होतो, ३ च्या खाली गेला की संपला, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची. चार्जिंगला लावून झोपायचं नाही. भाड्याच्या घरात राहतोस ना, फुगलेल्या लायपोने कार्पेट जाळलं तर डिपॉझिट विसर. फुगलेली दिसली की वापरायची नाही, रिसायकलिंग सेंटरला द्यायची.

आता ते दहा-वीस पाउंडातलं सातत्य. गोळ्या, म्हणजे बीबी, चांगल्या कंपनीच्या घे. सहा मिलिमीटर म्हणतात, खऱ्या ५.९५ च्या असतात, आणि बॅरल ६.०३ ते ६.०८ चं, म्हणजे मध्ये केसाएवढीच जागा आहे. स्वस्त गोळीवर साच्याचा शिवणीसारखा उंचवटा असतो, बोटांत फिरवून बघ, नखाला लागतो. तशी गोळी भिरभिरत जाते नाहीतर अडकते. वजन जंगलात ०.२८ ग्रॅम घे. ०.२० ची गोळी सुरुवातीला वेगवान वाटते पण तीस मीटरनंतर वारा तिला कुठेही नेतो. तेवढ्याच ऊर्जेत ०.२८ ची गोळी साधारण २९५ एफपीएसने निघते, तरी लांबवर वेग टिकवते आणि सरळ राहते. जंगलात बायोच, म्हणजे कालांतराने कुजणाऱ्या गोळ्याच, लागतात, साइटचा नियमच असतो, आणि बायो गोळ्या दमट हवेत फुगतात, म्हणून उघडी पिशवी गॅरेजमध्ये हिवाळाभर ठेवून वसंतात वापरायची नाही.

आणि हॉप-अप. बॅरलच्या मागच्या टोकाला एक रबर असतं, ते वरून गोळीला घासतं आणि तिला उलटी फिरकी देतं, क्रिकेटमध्ये बॅकस्पिन म्हणतो तीच. त्या फिरकीमुळे गोळी हवेत तरंगते, हे नसेल तर ती वीस-पंचवीस मीटरवर मान टाकते. लावायची पद्धत अशी: बोल्टचं झाकण मागे ओढ, आतलं चाक दिसेल, ते पूर्ण बंद कर. जी गोळी खेळात वापरणार तीच मॅगझिनमध्ये भर, ०.२० वर लावून ०.२८ ने खेळायचं नाही. सेमीवर (एका दाबाला एक गोळी) ठेव, गन खांद्याच्या उंचीला आडवी धर, चाळीस-पन्नास मीटरवरचं झाड पकड आणि मार. गोळी आधीच खाली पडेल. चाक एक खाच फिरव, पुन्हा दोन-तीन गोळ्या. खाच, गोळ्या, खाच, गोळ्या. एका क्षणी गोळी सरळ रेषेत जाईल, अगदी शेवटी किंचित उचलल्यासारखी वाटेल आणि मग पडेल, तिथे थांब. मधेच वर चढून आभाळात निघून गेली तर जास्त झालं, एक खाच मागे ये. पांढऱ्या गोळ्या झाडीसमोर छान दिसतात, ढगाळ आकाशासमोर हे करत बसू नकोस, डोळे दुखतील आणि काही कळणार नाही. बॅरल दर एक-दोन गेमनंतर रॉडला कोरडं कापड गुंडाळून पुस, हॉप बंद ठेवून. तेल नको, सिलिकॉन तेल हॉपच्या रबरावर गेलं की गोळी घसरते आणि पुढच्या शंभर गोळ्या वाकड्या जातात, मग लोक म्हणतात गन बिघडली.

लांब बॅरल, सायलेन्सर, टाइट बोअर (आतून जास्त अरुंद बॅरल), यातलं काहीही पहिल्या वर्षी नको. मिड-कॅप मॅगझिन (मध्यम गोळ्या मावणारं) चार-पाच घे, गनबरोबर येणाऱ्या हाय-कॅपला (जास्त गोळ्या मावतात) चावी फिरवावी लागते आणि ते धावताना खुळखुळ्यासारखं वाजतं, लपून काय उपयोग. रेड डॉट (निशाण्यासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) घेतलास तर त्याच्या पुढे पॉलीकार्बोनेटची पट्टी लाव, पहिल्याच दिवशी कोणीतरी नेमकी त्यावरच मारतो.

वापरायचं म्हणशील तर सेफ झोनमध्ये येताना क्रम पक्का कर. मॅगझिन आधी काढ, एईजीत दोन-तीन गोळ्या तशाच खाली गळतात, मग गन जमिनीकडे करून सेमीवर दोन-तीन वेळा ट्रिगर दाब म्हणजे आतली राहिलेली निघेल, मग सेफ्टी, मग बॅरलवर सॉक, म्हणजे तोंड झाकणारी पिशवी. मॅगझिन काढलं म्हणजे गन रिकामी झाली असं समजणाऱ्यांमुळेच मार्शलचे केस पांढरे होतात. ट्रिगरवर बोट निशाणा धरल्यावरच. भिंतीआडून नुसता हात बाहेर काढून न बघता मारायचं नाही, समोर तोंडाशी कोणी बसलेला असू शकतो.

गोळी लागली की लगेच मोठ्याने हिट म्हणायचं, हात वर, लाल फडकं डोक्यावर, बाजूला चालायला लागायचं. अंगावर लागली, बॅगवर लागली, आपल्याच माणसाची लागली, सगळ्या मोजायच्या, गनला लागलेली आणि भिंतीवरून उडून आलेली मोजायची की नाही हे साइटप्रमाणे बदलतं, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात, ते मोबाइल खिशात ठेवून ऐक. या खेळात अंपायर प्रत्येक गोळी बघू शकत नाही, पेंटबॉलसारखा रंग पण लागत नाही, सगळं तुझ्या तोंडावर चालतं. रडीचा डाव खेळणारा इथे दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत होतो. समोरचा हिट घेत नाही असं वाटलं तर तिथे भांडू नकोस, शंभरातल्या नव्वद वेळा त्याला जाड जॅकेटमधून कळलेलंच नसतं किंवा तुझी गोळी पानाला लागून वळलेली असते. पुन्हा मार, तरी तेच झालं तर मार्शलला सांग, आम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहतो.

घरी-प्रवासात गन नेहमी बंद बॅगेत, बॅटरी वेगळी. सार्वजनिक जागी नकली बंदूक उघड घेऊन फिरणं हा इथे वेगळा गुन्हा आहे, आणि मागच्या अंगणात हॉप लावत बसलास तर शेजारची आजी ९९९ लावेल आणि येणारे पोलीस खऱ्या बंदुका घेऊन येतील, त्यात त्यांची काही चूक नाही. घरातल्या बाकी पोरांना पण सांगून ठेव कपाटात काय आहे ते.

भारतात न्यायचं म्हणशील तर नाही. हुबेहूब दिसणारी बंदूक सुटकेसमध्ये घालून मुंबई एअरपोर्टवर कस्टमच्या माणसाला ही खेळण्यातली आहे हे समजावत बसायची हौस असेल तर तुझं तू बघ, मी तरी नेणार नाही आणि पार्सलनेही पाठवणार नाही. परत जायची वेळ आली की इथेच वीक. घेणाऱ्याचा युकारा नंबर बघूनच दे, कारण विकणारा तू असशील तर जबाबदारी तुझी. मूळ डबा आणि बिल जपून ठेवलंस तर बऱ्यापैकी किंमत येते, एम-फोर तर दोन दिवसांत जाते.